शेवटच्या गाडीचं दांडकं

“अहो फाटक, उघडा की! बस जाऊन युग लोटलं.”

बस जाऊन चार मिनिटं झाली होती. पण ट्रकवाल्यांच्या घड्याळाला मिनिटकाटा नसतो, हॉर्न असतो. तो त्याने पुन्हा वाजवला. त्याच्या बटाट्यांच्या ट्रकमागे पाण्याचा टँकर, दोन जीप आणि गादीवाल्याचा टेम्पो उभा होता. टेम्पोतल्या गाद्यांच्या थप्पीवर एक माणूस पाय पसरून झोपला होता. त्या रांगेत समाधानी असा तेवढाच.

फाटकवाला आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. हात रिकामा होता.

“काय झालं? हाताला लागलं का काही?”

“दांडकं नाही.”

“म्हणजे?”

“बसबरोबर गेलं.”

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांना सांगायला हवा.

डोंगरावरच्या त्या गावात जायला कड्यात कोरलेला साडेतीन किलोमीटरचा रस्ता आहे. रुंदी एका गाडीपुरती. समोरून दुसरी आली तर दोघांपैकी एकाने मागे मागे जायचं, आणि मागे जाता येईल अशी तिथे जागा नाही. म्हणून वर एक फाटक, खाली एक फाटक, आणि दोन्हींत मिळून एक दांडकं. हातभर लांब, अर्धं तांबडं, अर्धं पांढरं, एका टोकाला पितळी कडं. ज्या फाटकापाशी दांडकं, त्याने गाड्या सोडायच्या. सोडलेल्यांतल्या सगळ्यात शेवटच्या गाडीच्या हाती ते द्यायचं. ते दुसऱ्या टोकाला पोचलं की रस्ता रिकामा झाला असं समजायचं आणि तिकडच्या गाड्या सोडायच्या. कागदोपत्री त्याचं नाव ‘एकेरी मार्ग अधिकार दंड’ असं होतं. खात्यातला जो माणूस हे नाव न अडखळता म्हणू शकत असे, तो केव्हाच निवृत्त झाला होता.

खालच्या फाटकावर हा होता आणि वरच्या फाटकावर याची बायको. अठरा वर्षं. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. ‘खालच्या फाटकाला सर्दी झालीय’, ‘वरच्या फाटकाने केस कापले’ असं लोक अगदी सहज बोलत, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नसे, फाटकांनाही नाही. दोन फाटकांमध्ये एक फोन होता. गाड्या सुटल्या की एकाने म्हणायचं, “सोडलं.” दांडकं हातात आलं की दुसऱ्याने म्हणायचं, “आलं.” दिवसातून वीस-बावीस वेळा. एवढं संभाषण फार थोड्या नवरा-बायकोंत होत असेल.

आत्ता तोच फोन वाजला.

“आलं?” वरून बायकोने विचारलं.

“बस आली.”

“आणि दांडकं?”

“गेलं.”

“कुठं गेलं?”

“खाली. तिच्याबरोबर.”



“तुम्ही मागितलं नाहीत?”

“नाही.”

“अहो, पण का?”

“बोलत होतो.”

“तिच्याशी?” बायकोच्या आवाजात एकदम काहीतरी उजळलं.

“ड्रायव्हरशी.”

ते काहीतरी परत विझलं.

ती म्हणजे त्यांची मुलगी, सोळा वर्षांची. शाळा खालच्या फाटकापासून दोन किलोमीटर पुढे. सकाळची बस नेहमीच रांगेत शेवटची असे, कारण ती प्रत्येक उशिरा येणाऱ्यासाठी थांबे आणि गावात वेळेवर येणारा कोणी नव्हता. दाराजवळच्या खिडकीत मुलगी बसे. वर आई खिडकीतून तिच्या हाती दांडकं देई, खाली बाप हात पुढे करी आणि म्हणे, “दांडकं दे.” संध्याकाळी शाळेतून ती चालत फाटकावर येई, खोपटात बसून अभ्यास करी, आणि परतीच्या बसमध्ये चढली की बाप दांडकं तिच्या हाती देऊन म्हणे, “नीट धर.” पाच वर्षं. पहिली दोन-तीन वर्षं या दोन वाक्यांच्या आगेमागे बरंच काही बोललं जाई. मग आधीचं गेलं, मग नंतरचं. गेले आठ महिने ही दोनच वाक्यं उरली होती.

भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तसं काही झालं नव्हतं. झालं होतं ते शाळेचं विज्ञान प्रदर्शन.

त्याआधीचे काही महिने मुलगी खोपटात बसून गाड्या मोजत होती. त्याला वाटलं, पोरीला बापाच्या कामात गोडी वाटू लागली. “आजच्या किती?” ती विचारे, आणि तो रजिस्टर उघडून सांगे, “चढत्या बहात्तर, उतरत्या अडुसष्ट.” दांडकं यायला किती मिनिटं लागतात, पाऊस असला तर किती, तेही त्याने उत्साहाने सांगितलं. प्रदर्शनाच्या दिवशी दोघं नवरा-बायको साहेबांच्या हातापाया पडून, फाटकांवर बदली माणसं उभी करून शाळेत गेले. टेबलावर पुठ्ठ्याचा डोंगर होता, त्याला रस्ता होता, दोन्ही टोकांना बोटाएवढे दिवे होते आणि मधून एक तार गेली होती. गाडी आत शिरली की इकडे हिरवा, तिकडे तांबडा. पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘निष्कर्ष: या पद्धतीने वेळेची बचत होईल व दोन कर्मचाऱ्यांची गरज उरणार नाही.’

पहिला नंबर आला. दोन कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकाने इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, “बाबा, कसं वाटलं?”

त्याने बूट काढता काढता सांगितलं, “तारा उंदीर कुरतडतील.”

बस्स. ती ‘हं’ म्हणाली आणि आत गेली. मग ते आठ महिने.

या आठ महिन्यांत त्याने उंदरांवर पुष्कळ विचार केला. तारांना पाइप घातला तर उंदीर कुरतडणार नाहीत, हे त्याला दुसऱ्याच दिवशी सुचलं होतं. हे तिला सांगायचं, असंही त्याने ठरवलं होतं. पण घरी सांगावं तर घरी वेळच वेळ होता, म्हणून घरी ते राहिलं. फाटकावर वेळ नव्हता, म्हणून फाटकावर राहिलं. आणि आज ती खाली शहरात तीन वर्षांच्या शिक्षणाला निघाली होती. विषय: विजेची यंत्रं. तो सहाच्या पहिल्या गाडीने कामावर उतरला तेव्हा ती झोपलेली होती, किंवा तसं दिसत होती. निरोप काय तो फाटकावरच व्हायचा होता.

त्याने पक्कं केलं होतं की आज ‘दांडकं दे’ म्हणायचं नाही. आधी पाइपचं सांगायचं, मग दांडकं. सवयीने हात पुढे जाईल म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

बस आली. टपावर तिची पत्र्याची पेटी होती. खिडकीत ती होती, मांडीवर दांडकं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने बसच्या चाकाकडे बघितलं.

“मागच्या चाकात हवा कमी आहे,” तो म्हणाला.

“असू दे, पुढं भरतो,” ड्रायव्हर म्हणाला.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि बस गेली. त्याचे हात अजून पाठीमागेच होते.

“बरं, मग आता?” ट्रकवाल्याने विचारलं.

“नियम अकरा. दांडकं गहाळ झालं तर कर्मचाऱ्याने सगळा रस्ता पायी तपासून रिकामा असल्याची खात्री करायची.”

“पायी? साडेतीन किलोमीटर चढ?”

“नियमात चढ-उतार लिहिलेला नाही.”

“अहो, बस तुमच्या डोळ्यांदेखत शेवटची आली. मागं काही नाही.”

“मला माहीत आहे. दांडक्याला माहीत नाही.”

“वरून बायको सांगते ना फोनवर, रस्ता मोकळा आहे म्हणून? स्वतःच्या बायकोवर विश्वास नाही?”

“माझा आहे. नियमाचा नाही.”

ट्रकवाला टेम्पोवाल्याकडे गेला आणि गाद्यांवर अजून एका माणसाची जागा आहे का म्हणून विचारू लागला. फाटकवाल्याने अडसराला कुलूप घातलं, जेवणाचा डबा काखेत मारला, हातात तांबडं निशाण घेतलं आणि चालू लागला.

अठरा वर्षांत नियम अकरा कधी वापरला गेला नव्हता. त्यामुळे हा रस्ता त्याला काचेतूनच ठाऊक होता. पायी तो वेगळाच निघाला. दुसऱ्या वळणावर कोणाची तरी एक चप्पल पडली होती, डाव्या पायाची. तिसऱ्या वळणावर डोक्याएवढा धोंडा घरंगळून आला होता. तो त्याने ढकलून कडेला लावला. चौथ्या वळणावर कठड्यातून झरा गळत होता आणि तिथे खडूने कोणीतरी गाड्यांचे नंबर आणि वेळा लिहून ठेवल्या होत्या. अक्षर सुबक होतं. ती इथे कधी येऊन गेली, त्याला पत्ता नव्हता. पावसात अर्धं पुसलं होतं. तो थोडा वेळ उभा राहिला. आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. त्याने वाट बघितली. रस्ता मोकळा होता, पण कोणीच आलं नाही.

पाचव्या वळणावरून खालचं मैदान दिसतं. तिथे एक बस चालली होती, काडेपेटीएवढी. तीच होती की दुसरी, हे इतक्या वरून सांगता येत नव्हतं. मागच्या चाकात हवा कमी आहे का, तेही कळत नव्हतं.

वरच्या फाटकावर पोचायला त्याला सव्वा तास लागला. बायको अडसराशी उभी होती. तिच्या मागे पंधरा-सोळा गाड्या आणि त्यांतून उतरलेली माणसं. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. एक म्हातारी म्हणाली, “पोरीला निरोप द्यायला गेला आणि दांडकं देऊन बसला,” आणि लोक हसले. तोही हसला असता, पण धाप लागली होती.

बायकोने पाण्याचा तांब्या दिला. कामाच्या वेळी दोघं एकाच फाटकावर असण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे कुठे उभं राहावं ते दोघांनाही समजेना.

“लागला तिला फोन?”

“लागला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबांनी मागितलंच नाही. मी म्हटलं, अगं मग आपणहून द्यायचं. तर म्हणते, मी वाट बघत होते.”

“कशाची?”

“ते मला नाही सांगितलं. तुम्हाला माहीत असेल.” मग तांब्या परत घेत ती म्हणाली, “चाकात हवा कमी होती का खरंच?”

“थोडी.”

साहेबांचा फोन आला. साहेब खालच्या शहरात बसत आणि डोंगर त्यांनी नकाशात पाहिलेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो, दांडकं कोणत्या लाकडाचं होतं. ते कोणालाच माहीत नव्हतं.

“नवं करायचं म्हणजे प्रस्ताव आला,” साहेब म्हणाले. “तीन आठवडे धरा. शिवाय आता दांडकं नवं करावं का, हाही प्रश्नच आहे. दिव्यांचा एक प्रस्ताव आलाय आमच्याकडे. कुठल्याशा शाळेतून आलाय, पण मुद्देसूद आहे हो. सगळे आकडे बरोबर.”

“माझ्या मुलीचा आहे.”

“कोणाचा?”

“माझ्या मुलीचा. आकडे मी दिले.”

“अहो, पण त्याने तुमच्याच नोकऱ्या जातील की!”

“हो,” तो म्हणाला. “निष्कर्षात तसं आहे.”

साहेबांनी मग नियम बारा वाचून दाखवला: दंड उपलब्ध नसल्यास एका कर्मचाऱ्याने दंडावर तांबडी पट्टी बांधून— इथे ते स्वतःच गोंधळले, हा दंड म्हणजे बाहू, असं त्यांनी स्पष्ट केलं— शेवटच्या गाडीतून स्वतः जा-ये करावी. तो नसेल तेव्हा त्याच्या फाटकाला कुलूप. “थोडक्यात, नवं येईपर्यंत तुम्हीच दांडकं,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?”

“तीन आठवडे मी दांडकं.”

“फारसा फरक पडायचा नाही,” बायको म्हणाली आणि पट्टी शोधायला आत गेली. पट्टी मिळाली नाही. तिने मुलीच्या जुन्या गणवेशाची तांबडी रिबीन आणली आणि त्याच्या दंडाला बांधली. गाठ मारताना तिने खूप वेळ घेतला, जणू मागच्या गाड्या दुसऱ्या कोणाच्या फाटकावर खोळंबल्या होत्या.

तो दिवसभर वर-खाली करत राहिला. कधी टँकरमध्ये, कधी गवताच्या गाडीत, एकदा एका नव्याकोऱ्या मोटारीत, जिच्या मालकाने त्याला बसायच्या आधी पायपुसणं दाखवलं. खाली पोचला की तो उतरून कुलूप काढी, गाड्या सोडी, कुलूप लावी आणि शेवटच्या गाडीत चढे. तो वर असला की खाली फोन उचलायला कोणी नव्हतं, आणि खाली असला की सोडलेल्यांत तो स्वतःच असे, म्हणून ‘सोडलं’ आणि ‘आलं’ बंद होतं. बटाट्यांचा ट्रक दुपारी परत खाली आला तेव्हा शेवटची गाडी तोच होता. ट्रकवाल्याने फाटकवाल्याला शेजारी घेतलं.

“पोरगी गेली का शिकायला?”

“हो.”

“माझी पण मागच्या साली गेली. घर कसं एकदम मोठं वाटतं, नाही?”

“दोन खोल्या आहेत,” तो म्हणाला.

संध्याकाळी बस शहरातून परत आली. ड्रायव्हर खाली उतरला आणि रिकामे हात दाखवले.

“मी मागितलं हो. म्हटलं, दे पोरी, तुझ्या बापाची नोकरी आहे. तर म्हणते कशी, बाबांनी स्वतः मागितलं तर देईन. घेऊन गेली हॉस्टेलवर. पिशवीत मावत नव्हतं, कडं बाहेर डोकावत होतं.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “फोन करून टाका. दोन शब्दांचं काम आहे. उद्या घेऊन येतो मी.”

दोन शब्दांचंच होतं. पाच वर्षं रोज म्हटलेले दोन शब्द. तो खोपटात गेला आणि नंबर फिरवला.

“हॅलो.”

“जेवलीस?”

“बाबा, साडेपाच वाजलेत.”

“हो.” बाहेर बस घरघरत होती. “खोली कशी आहे?”

“बरी आहे. तिघी आहोत. खिडकी आहे.”

“काय दिसतं?”

“भिंत.”

“अच्छा.”

ती वाट बघत होती, हे त्याला फोनमधूनही समजत होतं. सकाळी खिडकीत बसून बघत होती तशीच. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

“तारांना लोखंडी पाइप घातला,” तो म्हणाला, “तर उंदीर कुरतडणार नाहीत.”

त्याला वाटलं, फोन कटला.

“पान सहा,” ती म्हणाली.

“काय?”

“पान सहावर लिहिलंय. लोखंडी नाही, लोखंड गंजतं. जाड प्लास्टिकचा.” मग हळूच, “तुम्ही वाचलंच नव्हतं.”

“नाही.”

“मी कपाटात ठेवलंय. वरच्या खणात.”

“बघतो.”

“आणि?”

आता मागायचं होतं. त्याने दंडावरच्या रिबिनीला हात लावला. गाठ घट्ट होती. तीन आठवडे काही सुटणार नव्हती.

“नीट धर,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग त्याने रजिस्टर उघडलं आणि शेरा लिहिला: ‘दंड गहाळ. शोध सुरू आहे.’ अठरा वर्षांतली ती पहिली खोटी नोंद. तिच्याखाली त्याने नेहमीसारखी सही केली, तारीख टाकली, आणि दिवसाच्या चढत्या-उतरत्या गाड्यांची बेरीज दोनदा तपासली.

दिवसाची ती शेवटची खेप होती. पुढच्या गाड्या सुटल्यावर त्याने कुलूप लावलं आणि बसमध्ये चढला. बस भरलेली होती. दाराजवळच्या खिडकीची जागा तेवढी रिकामी होती. का कोण जाणे, तिथे कोणी बसलं नव्हतं. तो बसला. गुडघे समोरच्या पत्र्याला टेकत होते. तिसरं वळण गेलं, चौथं आलं. झऱ्यापाशी त्याने बाहेर पाहिलं, पण काचेतून खडूची अक्षरं दिसत नव्हती.

वरच्या फाटकावर बस थांबली. पाच वर्षांच्या सवयीने बायको खिडकीशी आली आणि तिने हात पुढे केला. मग तिला दिसलं की खिडकीत कोण आहे. हात मात्र तसाच राहिला.

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि जेवणाचा रिकामा डबा तिच्या हातात ठेवला.

“आलं,” ती म्हणाली. फोन खोपटात होता, आणि तो उचलायला पलीकडे कोणी नव्हतं. मग तिने डबा काखेत धरला आणि बसच्या मागे दुसऱ्या हाताने अडसर खाली घेतला.